कार्य होईपर्यंत बोलायचं नाही

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने कुणी हे म्हणून ठेवलं त्याच्यावर ब्रेडा शहरात घर विकत घ्यायची पाळी आली नव्हती, एवढं नक्की. बांधायचं तर सोडाच, इथे घर नुसतं आतून बघायला मिळावं म्हणून माणसं ताटकळत होती, आणि तीही कोरोनाच्या दिवसांत, तोंडाला मास्क लावून, एकमेकांपासून दीड मीटर लांब उभी राहून.

मृणालिनी आणि आशुतोष पुण्याहून नेदरलँड्सच्या या दक्षिणेकडच्या शहरात आले, त्याला चार वर्षं होत आली होती. आशुतोष गोदामांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत होता. मुलगी जुई सात वर्षांची. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर डचमध्ये द्यायची. राहायला एका जुन्या इमारतीतला वरचा मजला होता, भाड्याचा, दोन वर्षांच्या कराराचा. दोन हजार एकवीसच्या जानेवारीत घरमालकाचा फोन आला. माणूस अतिशय सभ्य. त्याने आधी प्रकृतीची चौकशी केली आणि मग सांगितलं की घरांचे भाव फार छान वाढलेत, तेव्हा मी हे विकतोय, ऑगस्टअखेर करार संपला की घर रिकामं करा.

खरं तर आशुतोषने वर्षभर आधीच घर घ्यायला हवं होतं. पण कोरोना सुरू झाला तेव्हा पेपरातून, टीव्हीवरून तमाम अर्थतज्ज्ञ सांगत होते की आता मंदी येणार, घरं कोसळणार, थांबा. आशुतोष मुळातच थांबणारा माणूस. त्याने एक्सेल शीट उघडलं, त्यात भाव कधी किती उतरतील याचे तीन रंगांत आलेख काढले आणि वाट बघत बसला. भावांनी एकाही रंगाला जुमानलं नाही. व्याज उतरलं, घरात कोंडलेल्या प्रत्येकाला अंगण आणि एक जास्तीची खोली हवीशी झाली, अ‍ॅमस्टरडॅमची माणसं आता ऑफिसला जायचं नाही म्हणून स्वस्ताईच्या शोधात दक्षिणेकडे आली आणि त्यांनी दक्षिणही महाग करून ठेवली. आशुतोषने ते शीट मग कधी उघडलं नाही. मृणालिनीने त्याला त्यावरून कधी टोमणा मारला नाही, हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं, पण ती स्वतःच इतकी घाबरली होती की टोमणा सुचायला जागाच उरली नव्हती.

भाड्याने दुसरं घर बघावं, तर पगार भाड्याच्या चौपट हवा, मूल चालणार नाही अशा अटी, आणि मिळालं तरी पुन्हा दोनच वर्षं. सरकारी भाड्याच्या घरांची यादी होती, तिच्यात नंबर लागेपर्यंत जुई कॉलेजात गेली असती. आणि या देशात पत्ता नसलेला माणूस माणूसच नसतो. पत्ता नाही तर नगरपालिकेत नोंद नाही, नोंद नाही तर शाळा नाही, डॉक्टर नाही, काहीच नाही. परत पुण्याला जावं, तर नोकरी इथे, आणि तिकडे माणसं ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होती. एप्रिलमध्ये आशुतोषच्या वडिलांना मोठ्या मुश्किलीने बेड मिळाला. ते वाचले, पण घरासाठी साठवलेल्या पैशांतला मोठा वाटा त्या हॉस्पिटलात गेला. त्याबद्दल दोघांपैकी कुणाच्याही तोंडून अवाक्षर निघालं नाही. विमानंही बंद झाली होती. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

या परक्या गावात मृणालिनीचं म्हणावं असं एकच माणूस होतं, ती म्हणजे वृंदा. दोन गल्ल्या सोडून राहायची. मूळची सोलापूरची, नवरा सतीश बँकेच्या आयटीत. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे जुईचे सगळे लाड तिच्याकडे. आदल्या नोव्हेंबरात मृणालिनी आणि आशुतोष दोघंही कोरोनाने आडवे झाले, तेव्हा वृंदा रोज जिन्यात डबा ठेवून जायची, आणि रस्त्यावर उभी राहून खिडकीतल्या जुईला वेडीवाकडी तोंडं करून हसवायची. जुई घरात, ती रस्त्यात, थंडीत, ओल्या बुटांनी. सख्खी बहीण असती तर याहून जास्त काय करणार होती.

वृंदाची या देशाबद्दल एकच तक्रार होती. तिच्या घरात गॅस नव्हता, विजेची सपाट, काचेची शेगडी होती. "या काचेवर भाकरी फुगते का कधी? मेली पापडासारखी पडून राहते," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. मृणालिनीच्या भाड्याच्या घरात मात्र चार बर्नरचा गॅस होता. त्यामुळे दर रविवारी वृंदा हेगच्या दुकानातून आणलेलं ज्वारीचं पीठ आणि परात घेऊन यायची. तेव्हा नियमच होता की घरात एका वेळी एकच पाहुणा, म्हणून सतीश घरी. वृंदा भाकऱ्या थापायची, मृणालिनी त्या तव्यावरून आचेवर टाकून फुगवायची. तेवढ्या तासाभरात दोघी महिन्याभराचं बोलून घ्यायच्या.

सगळं बोलायच्या, फक्त घराचं सोडून. म्हणजे घर शोधतोय हे दोघींनाही एकमेकींचं ठाऊक होतं. सतीशलाही स्वतःचं घर हवं होतं. पण कुठलं घर बघतोय, कुठे बोली लावतोय, हे कुणी काढत नसे. त्यांच्या ओळखीतल्या एकाही मराठी घरात हे कुणी बोलत नसे. सही झाली की पेढे. त्याआधी तोंड शिवलेलं. मृणालिनीच्या आईने चिंचवडहून व्हिडिओ कॉलवर बजावूनच ठेवलं होतं, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं करू नका. कार्य होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. जवळच्याला तर मुळीच नाही. दृष्ट लागते ती जवळच्याचीच." आणि पुण्यात इंजिनीअर झालेली, हॉलंडात डचची परीक्षा पास झालेली मृणालिनी "हो गं आई" म्हणाली होती.

एकदाच, मार्चमधल्या एका रविवारी, भाकरी थापता थापता वृंदाच्या तोंडून निघून गेलं होतं. "आमचा सतीश म्हणजे काय सांगू. तीनशे ऐंशीच्या वर एक छदाम द्यायचा नाही म्हणतो, कितीही चांगलं असो. आणि ती कर्जाची अट काढून तर बोली लावणारच नाही. मग बसा आयुष्यभर काचेवर भाकऱ्या भाजत." तीनशे ऐंशी म्हणजे तीनशे ऐंशी हजार युरो. मृणालिनी हसली होती आणि भाकरी उलटली होती.

इथली घराची बोली म्हणजे आंधळी कोशिंबीर. प्रत्येकाने आपला आकडा बंद पाकिटासारखा दलालाकडे पाठवायचा, दुसऱ्याने किती लावलं ते कळायचं नाही, एकदाच लावायची, परत संधी नाही. मागितलेल्या किमतीला घर मिळण्याचे दिवस केव्हाच गेले होते. चाळीस हजार, पन्नास हजार वर द्यायचे, आणि एवढंही पुरलं नाही तर 'बँकेने कर्ज दिलं नाही तर व्यवहार रद्द' ही आपल्या बचावाची अट काढून टाकायची. मृणालिनी-आशुतोषने अट ठेवून ठेवून घर गमावायचा सपाटाच लावला होता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. दर वेळी दलालाचा तोच मंजुळ आवाज, "दुर्दैवाने या खेपेला नाही." आशुतोषला तो आवाज झोपेत ऐकू यायला लागला होता.

मग एप्रिलच्या शेवटी कॉरीचं घर आलं.

विटांच्या रांगेतलं छोटंसं दुमजली घर, मागे अंगण, अंगणात नासपतीचं झाड, आणि जुईची शाळा सायकलवरून हाकेच्या अंतरावर. मागितलेली किंमत तीनशे पंचवीस. बघायला मिळणार दहा मिनिटं. मृणालिनीने वृंदाला सांगितलं की आज दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. वृंदा म्हणाली, "जा जा, मलाही गावात जरा काम आहे."

टोकदार बुटांचा तरुण दलाल आशुतोषला वर माळा दाखवायला घेऊन गेला. मालकीणबाई कॉरी, ऐंशीच्या घरातली, अंगणात कोट पांघरून खुर्चीत बसली होती. तिला मुलाकडे राहायला जायचं होतं. मृणालिनी अंतर राखून उभी राहिली आणि आपल्या शिकाऊ डचमध्ये झाडाचं कौतुक केलं. म्हातारी खूश झाली.

"आज तुमच्याच देशाचा दिवस दिसतोय," ती म्हणाली. "तुमच्या आधी आत्ता एक जोडपं येऊन गेलं. गोड बाई! तिने खोल्या धड बघितल्या नाहीत, थेट स्वयंपाकघरात गेली आणि विचारलं, गॅस आहे का. मी हो म्हटलं तर कोरोना नसता तर मला मिठीच मारली असती तिने. तुमची कसली तरी भाकरी असते ना, ती म्हणे आचेशिवाय फुगत नाही."

 साऱ्या ब्रेडात भाकरीसाठी घर घेणारी बाई एकच होती.

तेव्हाच तिने वृंदाला फोन करायला हवा होता. करायचं मनातही आलं. घरी पोचल्यावर तिने फोन हातात घेतला, वृंदाचं नाव काढलं, आणि बंद करून ठेवला. बोलायचं काय? मी हे घर बघितलंय, तू बाजूला हो? असं म्हणायला तोंड हवं. आणि वृंदा म्हणाली, मीही बघितलंय, तू बाजूला हो, तर? जिन्यातले ते सगळे डबे समोर उभे राहिले असते आणि मृणालिनीला नाही म्हणता आलं नसतं. वृंदाचा भाडेकरार बेमुदत होता, तिला कुणी काढत नव्हतं. तिला हवा होता गॅस, आणि मृणालिनीला हवं होतं छप्पर. तिने मनाशी हे तोलून बघितलं, पारडं आपल्याच बाजूला झुकलं, आणि तिला बरं वाटलं. आपणच तोलायचं म्हटल्यावर पारडं दुसरीकडे कशाला झुकेल.

"तीनशे ब्याऐंशी लाव," तिने आशुतोषला सांगितलं. "आणि अट काढून टाक."

"वेड लागलंय का तुला? सत्तावन्न हजार वर? दलाल स्वतः म्हणतोय की साडेतीनशे, तीनशे पंचावन्नपर्यंत जाईल फार तर."

"मला माहीत आहे, आशू. एवढ्याला मिळेल. याच्या खाली नाही मिळणार."

"कशावरून?"

"वाटतंय मला."

आशुतोषने तिच्याकडे बघितलं. एरवी त्याने तीन तास वाद घातला असता. पण ऑगस्टची भीती त्याच्याही मानगुटीवर बसली होती, आणि आकडेमोडीवरचा त्याचा विश्वास गेल्या वर्षी उडाला होता. त्याने आकडा भरला.

घर मिळालं. दलालाचा मंजुळ आवाज पहिल्यांदाच "अभिनंदन" म्हणाला आणि मृणालिनी स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडली. आशुतोषने जुईला खांद्यावर घेऊन नाचवलं. रविवारी वृंदा भाकऱ्या थापायला आली, तेव्हा मृणालिनी तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिली. वृंदाही काही विचारत नव्हती. एकदा तिने मान वर करून बघितलं, वाट बघितल्यासारखं, आणि पुन्हा पीठ मळायला लागली. मृणालिनी मनात म्हणाली, सही होऊ दे, मग सांगू.

सही झाली. त्या दिवशी कॉरीने तिला बाजूला घेऊन कौतुकाने सांगितलं की तुम्ही किती मोठ्या मनाची माणसं, बाकीच्या सगळ्या बोल्या तुमच्या कितीतरी खाली होत्या. मृणालिनीला जरा चमत्कारिक वाटलं. म्हणजे सतीशने शेवटी हात आखडताच घेतला तर, असं तिने समजून घेतलं. वृंदाला सांगायचं अजून राहिलंच होतं. आता म्हणे बँकेचं होऊ दे.

बँकेचंच झालं नाही. कर्जाआधी बँकेचा मूल्यमापक येऊन घर मोजून गेला आणि त्याने लिहिलं की या घराची किंमत तीनशे पंचावन्न. बँक तेवढंच देणार, वरचे सत्तावीस हजार ज्याचे त्याने घालायचे, नोटरीचा वगैरे खर्च वेगळा. आणि व्यवहार मोडायचा म्हटलं तर अट काढून टाकलेली. किमतीचा दहावा हिस्सा दंड, म्हणजे अडतीस हजार भरा, आणि घरही विसरा. मन बदलायला कायदा तीन दिवस देतो, ते कधीच उलटून गेले होते.

मृणालिनी खोलीत गेली तेव्हा आशुतोषची ऑफिसची मीटिंग चालू होती. कॅमेरा बंद होता. त्याने कपाळ टेबलावर टेकवलं होतं, आणि तशाच अवस्थेत तो माईकमध्ये प्रसन्न आवाजात म्हणत होता, "येस, साउंड्स गुड. वी कॅन डू दॅट." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामाने ओला झाला होता.

पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी असेल नसेल त्या दाराशी जाऊन बघितलं. वेगळं कर्ज काढावं तर बँक घराच्या कर्जातून तेवढंच कापणार. कंपनी म्हणाली, सध्याच्या परिस्थितीत आगाऊ पगार शक्य नाही, आणि 'सध्याची परिस्थिती' हे शब्द असे उच्चारले की आशुतोषला आपल्या नोकरीचीच धाकधूक वाटायला लागली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये झुइडास या बँका-कंपन्यांच्या भागातल्या एका काचेच्या टॉवरात काम करणारा त्याचा कॉलेजमित्र "बघतो रे" म्हणाला आणि मग दिसेनासा झाला. पुण्याला तर विचारायची सोयच नव्हती. जुईने मात्र आपल्या नव्या खोलीचं चित्र काढून फ्रिजवर लावलं होतं, आणि भिंत पिवळी करायची का, हे ती रोज डचमध्ये विचारत होती.

"वृंदा-सतीशकडे असतील," आशुतोष एक दिवस म्हणाला. "त्यांनी घरासाठी बाजूला काढलेत, आणि घर तर त्यांचं ठरलेलं नाही. तू बोल ना तिच्याशी. तिला नाही म्हणवणार नाही."

ते मृणालिनीलाही कळत होतं. तिला तर पहिल्या दिवसापासून कळत होतं. म्हणूनच ती बाकीची सगळी दारं आधी ठोठावून आली होती.

वृंदाच्या घरी ती गेली तेव्हा दुपार होती. सतीश आतल्या खोलीत कॉलवर होता, दार लावून. वृंदा काचेच्या शेगडीवर भाकरी दाबून दाबून भाजत होती आणि ती नेहमीसारखी निपचित पडली होती.

"वृंदा, आम्ही घर घेतलं," मृणालिनी उभ्याउभ्याच म्हणाली.

वृंदाने शेगडी बंद केली आणि तोंडभर हसली. "सांगितलंस बाई एकदाचं! मी म्हटलं, गृहप्रवेशाचं आमंत्रणही दाताच्या डॉक्टरकडूनच येतंय की काय. कॉरीआजींचं ना?"

मृणालिनी खुर्ची ओढून बसली. "तुला माहीत होतं?"

"अगं, आम्हीही गेलो होतो ना बघायला! तुमच्या आधीच आमची वेळ होती. मागच्या गल्लीतून कुंपण बघून येतोय, तर समोरून तुम्ही दोघं. तू तो निळा कुर्ता घातलेला, देवाला निघाल्यासारखी. सतीशला म्हटलं, लप! एका व्हॅनमागे लपलो गं आम्ही, चोरासारखे." ती हसत होती. "तुम्हाला आत जाताना बघितलं आणि मी तिथूनच दलालाला फोन करून सांगितलं, आमचं नाव काढा. तुम्हाला ऑगस्टचं टेन्शन. आमचं काय अडलंय? सतीश जरा कुरकुरला. म्हटलं, गॅस काय, तिच्याकडे आहेच की. रविवारी जाईन तिथे."

"मग मला का नाही सांगितलंस?" मृणालिनी म्हणाली.

"तू कुठे बोलत होतीस? म्हटलं, कार्य होऊ दे. मी मध्ये तोंड घातलं आणि काही बिनसलं, तर जन्मभर माझ्या नजरेवर यायचं." वृंदाने तिच्यापुढे पाणी ठेवलं. "पण तुझं तोंड का असं उतरलंय? काय झालं?"

मृणालिनीने सांगितलं. कॉरीने सांगितलेल्या खालच्या बोल्यांचं, मूल्यमापकाचं, बँकेचं, दंडाचं, टेबलावर डोकं टेकून बोलणाऱ्या आशुतोषचं. पैसे हवेत म्हणून आलेय, हेही सांगून टाकलं, कारण आता लाजायला काही शिल्लक नव्हतं. वृंदा ऐकता ऐकता तिच्या शेजारी येऊन बसली, दीड मीटर वगैरे विसरून, आणि तिने तिचा हात हातात घेतला.

"एवढंच ना? रडतेस काय! सतीशला मी सांगते. नुसते पडूनच आहेत ते." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण मला एक कळत नाही. बाकीच्या बोल्या तर खाली होत्या म्हणतेस. मग कुणी चढवलं तुम्हाला एवढं? किती लावलीत?"

मृणालिनीला खोटं बोलता आलं असतं. एखादा वेगळा आकडा तिच्या जिभेवर आलाही होता. पण कर्जाचे कागद सतीश बघणारच होता. आणि ते कारणही खरं नव्हतं. तिला त्या हाताच्या पकडीत खोटं बोलवेना.

"तीनशे ब्याऐंशी," ती म्हणाली. "अट काढून."

 मृणालिनीला तिच्या चेहऱ्यावर तो मार्चमधला रविवार हळूहळू परत येताना दिसला. मग वृंदाने तिचा हात सोडला. झटकला नाही, ओट्यावर भांडं ठेवावं तसा सावकाश ठेवून दिला.

"ऐंशीच्या वर दोन," वृंदा म्हणाली. "मी भाकरी थापताना बोलले होते."

"वृंदा, मला वाटलं, तुला घाई नाही... आम्हाला ऑगस्टमध्ये..."

"ऑगस्ट मला ठाऊक होता. म्हणून तर माघार घेतली मी." तिचा आवाज जराही चढला नाही, आणि ते मृणालिनीला ओरडण्यापेक्षा जड गेलं. "म्हणजे तुला कळलं होतं मी येऊन गेले ते. म्हातारी बोलली असेल. तुला कळलं, आणि तू माझ्या तोंडचा आकडा घेऊन माझ्यावरच बोली लावलीस. आणि मी तिथे नव्हतेच गं."

आत सतीशचा कॉल चालूच होता. मृणालिनी "माफ कर" म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणखी काहीबाही म्हणाली. वृंदा उठून शेगडीपाशी गेली आणि ती गार भाकरी तिने उगाचच उलटली.

"सतीशला विचारून सांगते," ती म्हणाली.

'विचारून सांगते' म्हणजे काय, ते आपल्यात शेंबड्या पोरालाही कळतं. मृणालिनी जिना उतरली. कधी नव्हे ते वृंदाने तिला "थांब, जुईला डबा देते" म्हटलं नव्हतं. खाली तिने सायकलचं कुलूप उघडलं. आपण घर गमावलं, ऑगस्टमध्ये आपण जुईला घेऊन कुठे जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी रडू येत होतं ते त्याचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आशुतोष आतून धावत आला. पैसे आले होते, लागत होते तेवढे सगळे. सोबत कारणाच्या जागी एकच शब्द होता, 'जुईसाठी'. त्याने मृणालिनीला कवेत घेतलं, सतीश-वृंदाचे पाय धुऊन पाणी प्यायला हवं म्हणाला. वृंदाचा मेसेज मृणालिनीच्या फोनवर वेगळा आला होता. "परतफेडीचं आशुतोष आणि सतीश आपसात ठरवतील. जुईला माझ्याकडे सोडत जा, तिला तोडू नकोस. तू रविवारी बोलावू नकोस." मृणालिनीने फोन लावला. उचलला नाही. ती दाराशी गेली, तेव्हा सतीशने दार उघडून अतिशय अदबीने सांगितलं की ती झोपलीय. आशुतोषला तिने तेव्हा सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मला विचारायचंस तरी." बस, तेवढंच.

ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या. नियम सैलावले होते, घरी माणसं बोलवायला आता मुभा होती. जुईची भिंत पिवळी झाली. गृहप्रवेशाला मृणालिनीने नव्या स्वयंपाकघरात गॅस पेटवला, नव्या पातेल्यात दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत तिघं समोर उभी राहिली. चिंचवडहून आई स्क्रीनवरून बघत होती. दूध उतू गेलं तशी तिने तिकडे हात जोडले.

मग मृणालिनीने भाकरी करायला घेतली. नव्या घरातली पहिली भाकरी आचेवर फुगवायची, असं तिने फार आधी मनाशी ठरवलं होतं. पण थापायची नेहमी वृंदा. हिच्या हाताखाली कडा फुटल्या, आणि आचेवर टाकली तर वाफ चिरेतून निघून गेली. गॅसच्या निळ्या ज्योतीवर भाकरी तशीच निपचित पडून राहिली.

"वृंदामावशी कधी येणार?" जुईने विचारलं. या वेळी चक्क मराठीत.

"आता झालं हो सगळं सुखरूप," आई स्क्रीनवरून म्हणाली. "आता सांग सगळ्यांना. आता बोलायला हरकत नाही."

मृणालिनीने गॅस बंद केला. बोलायला खरोखरच काही हरकत नव्हती. पण तिला सांगावंसं वाटत होतं ते एकाच माणसाला, आणि त्या माणसाला सगळं ठाऊक होतं.